बादलीला दिवस गेले

फर्निचरच्या दुकानावर एक हॉल आहे. त्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता खाली दुकानात शंभर खुर्च्या रिकाम्या होत्या आणि वर हॉलमध्ये बसायला एकही नव्हती. बायका दाटीवाटीने बसलेल्या, त्यांचे नवरे भिंतीला टेकलेले, आणि सासवा पहिल्या रांगेत. सासवांना पहिली रांग कुणी द्यावी लागत नाही, त्या ती घेतात.

समोर टेबल. टेबलावर पांढरं कापड, कापडावर काचेची बशी, बशीत एक पांढरी काडी. काडीच्या मागे दोनरेघी महाराज.

काडी म्हणजे औषधाच्या दुकानात मिळते तीच, दिवस गेलेत की नाहीत ते बघायची. एक रेघ उमटली तर नाहीत, दोन उमटल्या तर आहेत. पण दुकानातली काडी साधी, महाराजांची 'सिद्ध'. दुकानातली चौदा दिवस थांबायला लावते, महाराजांची तीन दिवसांत बोलते.

"मायबाईंनो," महाराज सांगत होते, "पहिली रेघ देहाची, दुसरी देवाची. पहिली कारखान्यातून येते, दुसरी वरून येते. डॉक्टर म्हणतो चौदा दिवस थांब. अगं, ज्याने चौदा भुवनं केली त्याला चौदा दिवस लागतात होय?"

"नाही," पहिली रांग म्हणाली.

"त्याला किती लागतात?"

"तीन."

मग महाराजांनी डोळे मिटून एक तान घेतली. आणि इथे मी माझं खरं सांगितलं पाहिजे. मी बायकांचे कपडे शिवणारा शिंपी. छत्तीस वर्षं मापं घेतोय, कुणाच्या तोंडी मापावर कापड कापत नाही. पण माझी एक दुबळी जागा आहे. कीर्तन. गोड गळ्याने कुणी देवाचं नाव घेतलं की हातातली कात्री आपोआप खाली ठेवली जाते. महाराजांचा गळा गोड होता. मीही भिंतीला टेकून मान डोलावत होतो.

चौथ्या रांगेत आमची सून होती. मोजणीच्या कार्यालयात नकाशे काढते. डोकं शांत, हात स्थिर. अशी मुलगी इथे का, असं कुणी विचारेल. विचारणाऱ्याने सहा वर्षं वाट बघावी, मग विचारावं.

तिची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने बेपत्ता असायची. डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली, रक्तातली हार्मोनं तपासली आणि पीसीओएस म्हणून सांगितलं. एएमएच नावाच्या हार्मोनचा आकडा बराच वर होता. सून हरखली, जास्त म्हणजे चांगलं असेल. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हा आकडा म्हणजे अंडाशयात किती बारीक बीजं वाट बघत बसलीत त्याचा अंदाज. तुमच्याकडे गर्दी आहे. पण गर्दीत पुढे कुणीच येत नाही. आणि जोरात हाक मारली तर सगळी एकदम धावतात. म्हणून हाक बेताने मारायची."

आधी गोळ्यांनी हाक मारली. तीन महिने कुणी जागचं हललं नाही. मग अगदी कमी मात्रेची इंजेक्शनं, एक दिवसाआड सोनोग्राफी. तेव्हा कुठे तीन बीजं मोठी झाली. त्या शनिवारी बीज सुटायची सुई दिली आणि हातात एक छापील चिठ्ठी दिली. चिठ्ठीत दोनच ओळी. 'चौदा दिवस घरी तपासणी करू नये. पोट फुगल्यास किंवा वजन वाढल्यास त्वरित कळवावे.'

महाराजांना ती चिठ्ठी फार प्रिय होती. हॉलमध्ये येणाऱ्या प्रत्येकीकडून ती आधी मागून घेत. "सुईची तारीख सांग, मी मुहूर्त काढतो." मुहूर्त कायम एकच निघायचा. सुईनंतर तिसरा दिवस.

सून आतल्या न्हाणीघरात जाऊन छोटी कुपी भरून आली. महाराजांनी काडी बुडवली. हॉलमध्ये पंख्याचा तेवढा आवाज. एक रेघ आली. मग तिच्या शेजारी, आधी पुसट, मग गुलाबी, मग चांगली ठसठशीत, दुसरी.

आमची ही पहिल्या रांगेतून उठली ती थेट सुनेच्या गळ्यात पडली. दोघी रडल्या. आजूबाजूच्या चारजणी, ओळख ना पाळख, त्याही रडल्या. मी चष्मा पुसला.

महाराजांनी हात वर केला. "आता ऐका. एकवीस दिवस पुन्हा तपासायचं नाही. तपासणं म्हणजे संशय, आणि संशयाने रेघ पुसली जाते. एकवीस दिवस डॉक्टरची पायरी चढायची नाही. त्याचं काम संपलं, आता माझं चालू. पोट जड वाटेल. वाटू दे. तो येणाऱ्याचा भार आहे."

* * *

घरी तीन दिवस नुसता आनंद. मुलगा बस चालवतो, तो ड्यूटीवरून आला की आधी बायकोला विचारायचा, "बसलीस ना? बसूनच राहा." आमची ही स्वयंपाकघरातून गात होती. मी दुकानात एक मऊ कापड बाजूला काढून ठेवलं.

शुक्रवारी सकाळी सून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, झग्याचा हुक लागत नाहीये. थोडं सैल करून द्याल?"

तो झगा मीच पंधरा दिवसांपूर्वी शिवला होता. कंबर एकतीस. मी टेप लावली. चौतीस आणि वर दोन सूत. मला वाटलं टेप पिळली गेली. सरळ करून पुन्हा लावली. चौतीस आणि वर दोन सूत.

"जेवण जास्त झालं का?" मी विचारलं.

"जेवण कुठलं बाबा, कालपासून घास उतरत नाहीये. पोट ताणल्यासारखं होतंय. जिना चढले तर दम लागतो."

"लघवीला?"

ती लाजली. "कमी होतेय."

तेवढ्यात आमची ही आली. पोटाकडे बघून तिचा चेहरा उजळला. "दिसायला लागलं की गं."

"काय दिसायला लागलं?" मी म्हणालो.

"अहो, पोट."

"अगं, छत्तीस वर्षं मी बाळंत होणाऱ्या बायकांचे कपडे उसवतोय. तीन महिने तर टेप हलत नाही. चौथ्यात अर्धा इंच, पाचव्यात एक. पंधरा दिवसांत तीन इंच कुणाचं पोट वाढलेलं मी बघितलं नाही. हत्तिणीचंही वाढत नसेल."

"तुम्ही हत्तिणीचे कपडे कधी शिवलेत?"

"थट्टा पुरे. चिठ्ठी कुठाय? त्यात पोट फुगल्यास कळवा असं लिहिलंय."

सून खुर्चीत बसली. दोन्ही हात पोटावर. "बाबा, डॉक्टरकडे नको. रेघ पुसली गेली तर?"

सहा वर्षांनी हातात आलेली रेघ. ती जपायला ही मुलगी दम कोंडून घरात बसायला तयार होती. महाराजांशी वाद घालणं सोपं होतं. तिच्याशी कसा घालणार?

मी तिच्यासमोर स्टुलावर बसलो. "हे बघ. मी उभ्या आयुष्यात देवाचं खूप ऐकलंय. जागून ऐकलंय, रडून ऐकलंय. आजारी माणसाने डॉक्टरकडे गेलं म्हणून दिलेलं परत घेणारा देव मला अजून कुठल्या कीर्तनात भेटला नाही. इतका खत्रूड असता तर मी एवढी वर्षं त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या नसत्या. तो द्यायचं तर देईल. पण घ्यायला तू धडधाकट हवीस."

आमची ही आता सुनेच्या तोंडाकडे बघत होती, पोटाकडे नाही. तिने आतून पिशवी आणली. "चला. मी रिक्षा बघते. पाप लागलं तर मला लागू दे."

* * *

दवाखान्यात रक्त काढणाऱ्या ताई आहेत. सगळे त्यांना सुईताई म्हणतात. त्यांनी सुनेला वजनकाट्यावर उभं केलं. शनिवारपासून साडेतीन किलो वाढलं होतं. त्या सरळ डॉक्टरबाईंना बोलवायला गेल्या.

सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाईंनी पडदा आमच्याकडे वळवला. "ही दोन्ही अंडाशयं. सुजून संत्र्याएवढी झालीत. आणि हा काळा भाग दिसतो ना, ते पोटात साठलेलं पाणी. अंडाशयांनी औषधाला गरजेपेक्षा जास्त साथ दिली. पीसीओएसमध्ये ही भीती असते, म्हणूनच एएमएच बघून मी मात्रा कमी ठेवली होती. तरी काहींना होतं. वेळेवर आलात, दोन दिवस इथे ठेवू, उतरेल. आणखी तीन-चार दिवस घरी बसला असता तर रक्त दाट होऊन गाठ झाली असती, पाणी छातीपर्यंत गेलं असतं. कळवलं का नाहीत?"

सुनेने सगळं सांगितलं. काडी, रेघ, एकवीस दिवस. शेवटी विचारलं, "पण रेघ आली होती मॅडम. मी माझ्या डोळ्यांनी बघितली."

"आलीच असणार," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्हाला शनिवारी जी सुई दिली त्यात एचसीजी नावाचं हार्मोन आहे. बीज सुटायला ते लागतं. दिवस गेल्यावर बाईचं शरीर हेच हार्मोन तयार करतं. आणि काडी फक्त हेच ओळखते. ते आतून आलं की बाहेरून टोचलं, हे काडीला कळत नाही. सुईतलं औषध अंगातून जायला दहा-बारा दिवस लागतात. तोवर काडी लावाल तेव्हा दोन रेघा."

सुनेने पोटावरचा हात काढला. "म्हणजे काडीने मला नाही, सुईला ओळखलं."

"हो. म्हणून चौदा दिवस."

"चिठ्ठीत ते का नाही लिहिलं?"

डॉक्टरबाई खुर्ची ओढून बसल्या. "चूक आमची आहे. 'करू नये' छापलं, 'का' छापलं नाही. वाटलं, सांगितलं की लोक ऐकतील."

सुईताई पलंगाच्या पायाशी उभ्या होत्या. "आणि त्या रिकाम्या जागेत एकाने दुकान थाटलं," त्या म्हणाल्या. "तो सुईच्या तारखा का विचारतो ते आता कळलं. मॅडम, महिन्यात अशा पाचजणी आल्या, उशिरा. विचारलं तर तोंड उघडत नव्हत्या. रेघ पुसली जाईल म्हणून."

* * *

रविवारी सून घरी आली. पोट हळूहळू उतरलं. पुढच्या शनिवारी चौदावा दिवस, रक्ताची तपासणी. अहवाल तिने स्वतः उघडला. आम्ही तिघं समोर उभे.

"नाहीये," ती म्हणाली. मग कागद घडी घालून म्हणाली, "पण आई, या वेळी निदान जे आहे ते खरं आहे."

मुलगा तिला घेऊन बाहेर चालायला गेला. दोघं तासाभराने आले. सोमवारी संध्याकाळी तिने सुईताईंना फोन लावला, बराच वेळ बोलली, आणि मग आम्हाला विचारलं, "आपली मोठी प्लास्टिकची बादली कुठाय?"

* * *

मंगळवारी अकराला आम्ही हॉलमध्ये. सून, सुईताई, आमची ही, आणि बादली धरून मी. आजही रिकामी खुर्ची नव्हती, आमच्या हिने मात्र पहिल्या रांगेतली एक मिळवली. टेबलासमोर एक तरुण मुलगी बसली होती, ओठ सुकलेले, हातात छापील चिठ्ठी. महाराज चौदा भुवनांपर्यंत पोचले होते.

सून पुढे झाली. "महाराज, एक शंका."

"शंका बाहेर, चपलांजवळ ठेवायची असते, बाळ."

लोक हसले. सूनही हसली. "एवढीच विचारते. तुमची सिद्ध काडी कधी खोटं बोलते का?"

"सूर्य एक वेळ पश्चिमेला उगवेल."

"कुणाच्याही बाबतीत नाही?"

"राणी असो, भिकारीण असो. काडीला भेद नाही."

"मग या बादलीचं बघा."

मी बादली टेबलावर ठेवली. खालच्या नळाचं पाणी, काठोकाठ. सुनेने बशीशेजारच्या महाराजांच्याच डब्यातून एक काडी उचलली आणि पाण्यात बुडवली. सगळे माना उंचावून. एक रेघ.

"बादलीला काही नाही," पहिल्या रांगेतली एक सासू म्हणाली.

"बरोबर," सून म्हणाली. "आता ताई तिला सुई देतील."

सुईताईंनी पिशवीतून एक रिकामी कुपी काढली. सकाळीच एका बाईला दिलेल्या सुईची. तळाला थेंब चिकटला असेल नसेल. ती बादलीत विसळली, काठीने पाणी ढवळलं. महाराज उठायला लागले. आमची ही आपली खुर्ची घेऊन दाराशी बसली. कुणी ओढलं असतं तरी ती हलली नसती.

सुनेने दुसरी काडी बुडवली आणि पहिल्या रांगेतल्या सासूच्या हातात दिली. "तुम्हीच बघा काकू."

काकूंनी चष्मा वर केला, खाली केला. "अगं बाई. दोन."

काडी हातोहात फिरली. मागून एक नवरा म्हणाला, "म्हणजे बादलीला दिवस गेले?"

"तीन मिनिटांत," दुसरा म्हणाला. "महाराजांपेक्षा लवकर."

दाराजवळून आमच्या हिने अगदी काळजीच्या सुरात विचारलं, "महाराज, हिला आता एकवीस दिवस डॉक्टरकडे न्यायचं नाही ना? आणि जिना कसा उतरवायचा हो, पोटुशी आहे."

हॉल असा हसला की खालच्या दुकानातला माणूस वर बघायला आला. मीही हसलो, आणि हसताना बरं वाटलं, कारण दोन आठवड्यांपूर्वी मी त्याच भिंतीशी चष्मा पुसला होता.

महाराजांनी घसा साफ केला. "ही... जलदेवतेची लीला आहे. जलात जीव असतो. शास्त्रात आहे."

"मग पहिल्या काडीच्या वेळी जीव कुठे गेला होता?" सुईताई म्हणाल्या.

त्यावर महाराजांनी ओठांवर बोट ठेवलं आणि खुणेने सांगितलं की आजपासून त्यांचं मौन आहे.

सून लोकांकडे वळली. तिने सुईतलं हार्मोन, काडी, दहा-बारा दिवस, सगळं सांगितलं. नकाशा समजावतात तसं, सावकाश. मग म्हणाली, "सुई न घेता इथे जिला दोन रेघा आल्या तिने हात वर करा."

एकही हात नाही. मग मागून एक बाई हळूच म्हणाली, "मी सुई घेत नव्हते. मला एकच आली. मला सांगितलं, तुझी श्रद्धा कमी."

"तुमची श्रद्धा पुरेशी होती ताई. हार्मोन नव्हतं."

"पण माझ्या भावजयीला खरंच मुलगा झाला," काकू म्हणाल्या. "हार घालून गेली ती."

"झाला ना. औषधाने दहातल्या एखाद-दुसरीला त्या महिन्यात दिवस जातात. त्या हार घेऊन येतात. बाकीच्या आठजणी, रेघ आपल्याच पापाने पुसली म्हणून घरी बसतात. मीही बसले होते. त्यांची मोजदाद इथे कुणी ठेवत नाही." तिने टेबलावरची काडी उचलली. "मला माझी दुसरी रेघ फार आवडली होती. पण तिच्यापायी मी जीव घालवणार होते. खोट्या दोन रेघांपेक्षा मला खरी एक चालेल. निदान पुढे काय करायचं ते कळतं."

टेबलासमोरच्या तरुण मुलीने हातातली चिठ्ठी टेबलावर ठेवली. "माझी सुई पाच दिवसांपूर्वी झाली. मी दुसऱ्यांदा आलेय. पोट फार ताणलंय, सकाळपासून धाप लागतेय. यांनी सांगितलं, भार आहे."

सुईताईंनी पुढचं ऐकलंच नाही. तिला हाताला धरलं आणि जिन्याकडे निघाल्या. आमच्या हिने खुर्चीसकट वाट दिली.

ती मुलगी आता बरी आहे. डॉक्टरबाईंनी आणि सहाजणींनी मिळून तक्रार दिली, हॉलला कुलूप लागलं. चौकशीत कळलं, महाराज पूर्वी दवाखान्यांना याच काड्या आणि याच सुया पोचवायचं काम करत. विद्या तिथलीच. सुनेचा उपचार पुन्हा सुरू आहे, मात्रा आणखी कमी, आणि या वेळी सुई वेगळ्या जातीची, जिने अंडाशयं इतकी सुजत नाहीत. काय होईल ते आज कुणाला माहीत नाही. ती प्रत्येक गोष्ट विचारून घेते आणि वहीत लिहून ठेवते. दवाखान्याच्या चिठ्ठीवर आता दोनच्या जागी नऊ ओळी आहेत.

देवावर माझा भाव होता तसाच आहे. गोड गळा ऐकला की अजूनही मान डोलते. पण तुम्हा वाचणाऱ्यांना हात जोडून एवढंच सांगणं आहे. आजारपणात कुणी म्हणालं 'हे करा', 'हे करू नका', तर विचारा, का. डॉक्टर असला तरी विचारा, महाराज असला तरी विचारा. संकोच करू नका, अडाणी म्हणतील म्हणून भिऊ नका. ज्याच्याजवळ उत्तर असतं तो खुर्ची ओढून समोर बसतो. ज्याच्याजवळ नसतं, तो शापाची भीती घालतो.